नक्कल

रात्रपाळीत माझ्यासमोर उघडं असतं
नॉर्वेतल्या एका चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर.
खिडकीबाहेर परसोडीचा रस्ता,
तर्रीपोह्याच्या ठेल्यावर ताडपत्री,
आणि रात्री दोनलाही न उतरणारा मे.

ते अक्षर सुरुवातीला वाचताच येईना,
ओल्या शाईवरून कोंबडी चालत गेलेली जणू.
आता येतं.
कोणत्या पाद्र्याचा हात थंडीनं आखडायचा
तेही कळतं.

सिग्रिडबाई मिनेसोटात असतात, वय एक्क्याऐंशी.
त्यांना पणजीची आई हवी आहे.
पैसे तासावर मिळतात,
म्हणून जरा दमानं शोध, असं बावनकर सर म्हणतात.
मला नाही जमत.
मेलेल्या माणसाचा माग लागला
की मी चपला हातात घेऊन पळते.

मारित ओल्सदात्तर.
ओलेची मुलगी, म्हणून ओल्सदात्तर.
त्यापुढे शेताचं नाव. शेत सुटलं की तेही सुटायचं,
नव्या शेताचं चिकटायचं.
यात मला नवल वाटलं नाही.
आम्ही पौनीकर.
पौनीत आता आम्हाला पाणीही कोणी विचारणार नाही.

अठराशे पासष्टची जनगणना:
मारित, मोलकरीण, बावीस वर्षं, लग्न नाही.
त्याच पानावर मालकाच्या गायी दोन, मेंढ्या नऊ,
बटाटे पेरले तीन पिंपं.
बटाटेही मोजले बाप्पा,
मी मोठ्यानं म्हणाले, शेजारची दचकली.
दोन वर्षांनी तिला मुलगी.
बापाच्या रकान्यात:
‘सांगण्यावरून, एक शिपाई. सध्या गावात नाही.’
‘सांगण्यावरून’ मी खोडलं,
मग परत लिहिलं.
आपल्याला काय अधिकार.

सकाळी घरी न जाता सिव्हिल लाइन्सला उतरते.
दादाच्या पोराची व्हॅलिडिटी अडली आहे,
पन्नासच्या आधीचा पुरावा पाहिजे,
कोतवाल बुकाची नक्कल.
ही चौथी खेप.
शेंडेबाबू म्हणतात, वांजरा मौज्याची तेवीस ते एकतीस
वाळवीनं खाल्ली, मॅडम,
तिच्यावर काय केस करता?

मला मारितला देवीची लस कधी टोचली
ती तारीख पाठ आहे,
आणि माझ्या आजोबाचा जन्म
‘पोळ्याच्या आसपास’.

चौतीसचं पुस्तक मिळालं.
लाल कापडाची गाठ सुटता सुटेना,
दातानं सोडवली, धुळीची चव अजून जिभेवर आहे.
मोडीवाले हरकरे मास्तर बोट ठेवून वाचत गेले,
पान उलटलं, थांबले.
‘डोमा वल्द बकाराम, यास मुलगी.’
डोमा म्हणजे माझा पणजोबा.
मुलीच्या नावाच्या जागी आडवी रेघ.
जातीचा रकाना मात्र भरलेला,
ठसठशीत, अर्ध्या सेकंदात वाचता येईल असा.
मागच्या बाजूला, मयतात,
‘डोमाची मुलगी, दीड महिना, ताप.’

चालेल, शेंडेबाबू म्हणाले, एकदम पक्का पुरावा.
म्हणजे हिच्या दीड महिन्यावर
आमच्या पोराची इंजिनीअरिंगची सीट.

अर्ज भरताना एक रकाना होता:
अर्जदाराशी नातं.
मी बराच वेळ पेन धरून होते.
मग लिहिलं, आत्याआजी.
शेंडेबाबूंनी चष्मा वर केला,
दीड महिन्याची आत्याआजी, होय का?
ते हसले, मीही हसले.
वीस रुपये सुटे नव्हते,
ते मास्तरांनी दिले.

आज रात्री सिग्रिडबाईंची मेल आली आहे.
मारितचा आणखी एक मुलगा होता का, बघाल?
बघते, लिहिलं.
नकलेचा कागद पर्समध्ये आहे, घडी मोडली नाही.
त्या रेघेवर काही लिहावं असं दोनदा वाटलं.
पण नकलेत खाडाखोड चालत नाही.